गाडी पिळते, घर पिळत नाही : भोसरीत उभे राहिलेले लष्करी ट्रकवरचे फिरते घर

लष्कराने लिलावात काढलेला टाटा एलपीटीए ७१३ हा अडीच टनी, फोर बाय फोर ट्रक दुरुस्त करून त्यावर राहण्याजोगी केबिन बसवण्याचे काम मी भोसरीच्या औद्योगिक वसाहतीतील एका कार्यशाळेकडे सोपवले होते. गाडी ताब्यात येऊन आता अकरा महिने झाले आहेत. या काळात ती सुमारे ९,००० किलोमीटर चालली असून एक पूर्ण पावसाळा आणि एक पूर्ण उन्हाळा तिने अंगावर घेतला आहे, त्यामुळे कामाबद्दल जबाबदारीने लिहिण्याइतका अनुभव आता गाठीशी आहे. कार्यशाळेत एका वेळी दोनच गाड्या घेतल्या जातात आणि मालकांना प्रसिद्धी नको आहे, म्हणून त्यांचे नाव येथे देत नाही.

प्रथम गाडीविषयी. माझे थोरले काका खडकीच्या ५१२ आर्मी बेस वर्कशॉपमध्ये होते आणि त्यांच्या तोंडून लहानपणी ऐकलेल्या गोष्टींमुळे माझ्या मनात खरे तर ‘शक्तिमान’च होता. जर्मनीच्या ‘मान’ (MAN) कंपनीच्या परवान्याखाली जबलपूरला १९५०च्या दशकाच्या अखेरीस सुरू झालेला आणि १९९६पर्यंत बनत राहिलेला तो ट्रक आजही कुठे उभा दिसला की मी थांबून पाहतो. परंतु कार्यशाळेच्या फोरमननी पहिल्याच भेटीत मला त्यापासून परावृत्त केले. शक्तिमानचा एखादा गिअर तुटला, तर तो लेथवर घडवून घ्यावा लागतो किंवा भंगारातली दुसरी गाडी शोधावी लागते. याउलट ७१३मध्ये टाटांचे ६९७ जातीचे इंजिन आहे, आणि ते इंजिन वर्षानुवर्षे मुलकी ट्रकांतही बसत आले असल्यामुळे त्याचे पिस्टन, रिंगा, बेअरिंगे, गॅस्केटे निगडीच्या ट्रान्सपोर्टनगरीत एका फेरीत मिळतात. ६९७ या आकड्याचा अर्थही त्यांनीच सांगितला : सहा सिलिंडर आणि प्रत्येकाचा व्यास ९७ मिलिमीटर. स्ट्रोक १२८ मिलिमीटर असल्याने एकूण क्षमता ५.६७५ लिटर भरते. आराखड्याची मुळे टेल्को (आजची टाटा मोटर्स) आणि डाइम्लर-बेंझ यांच्या १९५४मधील सहकार्यापर्यंत जातात. ज्याला गाडी देव्हाऱ्यात न ठेवता रस्त्यावर चालवायची आहे, त्याने सुट्या भागांचा विचार आधी करावा, हा त्यांचा सल्ला मी मानला आणि त्याबद्दल मला एकदाही पश्चात्ताप झालेला नाही.

गाडी मी थेट लिलावातून घेतली नाही. भोरकडच्या एका ठेकेदाराने ती काही वर्षांपूर्वी लिलावात घेऊन आपल्या नावावर मुलकी नोंदणी केली होती आणि खाणीवर पाणी व दगड वाहण्यासाठी वापरली होती. त्यामुळे लष्करी क्रमांक रद्द होणे, विक्रीपत्र, नव्या नोंदणीचा अर्ज हे सारे आधीच झालेले होते. नव्याने अशी गाडी घेऊ पाहणाऱ्याने कागद पूर्ण असल्याखेरीज एक रुपयाही पुढे करू नये, कारण लष्करी वापरातून काढलेली गाडी नोंदणीशिवाय म्हणजे निव्वळ लोखंड असते.

इंजिनाचे आणि चाकांचे काम चार महिने चालले. खाणीवरच्या वापरामुळे गंज वरवर न राहता कमानपाट्यांच्या पानांमध्ये शिरला होता. पाटे सुटे करून प्रत्येक पान वाळूच्या फवाऱ्याने साफ केले, दोन पाने बदलली आणि शॅकल पिना व बुश सगळे नवे टाकले. चासीला, म्हणजे गाडीच्या खालच्या लोखंडी सांगाड्याला, फक्त वाळूचा फवारा आणि इपॉक्सी प्रायमर, पुट्टी कुठेही नाही. पुट्टीखाली तडा लपतो आणि लपलेला तडा घाटात उघडा पडतो, असे फोरमन म्हणाले. इंजिन उघडले तेव्हा सिलिंडर लायनर अपेक्षेपेक्षा चांगले निघाले, पण इंजेक्शन पंप आणि नोझले बाहेरच्या तज्ज्ञाकडून जुळवून आणावी लागली. रबराचे मात्र काहीही ठेवले नाही : ब्रेकचे होज, रेडिएटरचे पाइप, सील, इंजिनाखालचे माउंटिंग सारे नवे. टायरांवर भरपूर खाच शिल्लक होती, म्हणून ते ठेवावेत असा माझा आग्रह होता. फोरमननी मला खाली वाकायला लावून टायरच्या कडेवरचे चार आकडे दाखवले. त्यांतले पहिले दोन आठवड्याचे आणि शेवटचे दोन वर्षाचे असतात, आणि माझ्या टायरांवर ‘१४०९’ होते, म्हणजे २००९च्या चौदाव्या आठवड्यातले. खाच कितीही खोल असली तरी इतक्या वर्षांत रबर आतून कडक झालेले असते. सहाही टायर बदलले, आणि हा खर्च माझ्या हिशेबात नव्हता.

मागच्या धुरीवरची काजळी खरवडताना एक गोष्ट सापडली, तिचा उल्लेख केल्याखेरीज पुढे जाववत नाही. डिफरन्शियलच्या हाउसिंगवर मातीच्या आणि ग्रीसच्या थराखाली पांढऱ्या रंगाचे गोल वर्तुळ होते आणि त्याच्या वर एक लहानसा दिवा. रात्री ताफा दिवे मालवून जात असतो तेव्हा मागच्या चालकाला पुढच्या गाडीचे फक्त ते पांढरे वर्तुळ दिसते आणि तेवढ्याच अंदाजावर तो अंतर राखतो. कामगारांनी रंग देण्याआधी मला बोलावून विचारले की हे ठेवायचे का. ठेवले. दिवाही पुन्हा जोडला आहे. काकांना गाडी दाखवायला नेली तेव्हा ते पुढून न पाहता सरळ मागे गेले, गुडघ्यांवर हात टेकून खाली वाकले आणि बराच वेळ ते वर्तुळ पाहत राहिले.

रंगाच्या बाबतीत मात्र जुन्याचा मोह सोडावा लागतो. केंद्रीय मोटार वाहन नियमांतील १२१व्या नियमानुसार संरक्षण खात्याच्या गाड्यांखेरीज इतर कोणत्याही गाडीला ऑलिव्ह ग्रीन रंग देता येत नाही. कार्यशाळेने हे पहिल्या भेटीतच सांगितले आणि त्या रंगाच्या जवळपास जाणारी छटाही देण्यास नकार दिला. माझ्या गाडीचा रंग आता खालून तांबूस माती आणि वर पांढरा असा आहे. छत पांढरे असण्याचे कारण हौस नसून एप्रिल-मे महिन्यांतले ऊन आहे.

आता ज्या कामासाठी हा लेख लिहितो आहे, त्याकडे येतो. केबिन आणि चासी यांची जोडणी, एवढ्या एकाच गोष्टीवर अशा गाडीचे आयुष्य ठरते, आणि नेमकी हीच गोष्ट तयार गाडी पाहणाऱ्याला दिसत नाही. मी ती कशी शिकलो, तेही सांगितले पाहिजे. गाडी भोसरीला सोपवण्यापूर्वी मी ती दुसऱ्या एका बॉडी बनवणाऱ्याकडे नेली होती. त्यांनी मालवाहू ट्रकाची बॉडी बसवतात त्याच पद्धतीने, लोखंडी चॅनेलचा सांगाडा यू-बोल्टांनी चासीला जागोजागी आवळून त्यावर केबिन उभी करण्यास सुरुवात केली. सांगाडा आणि फरशी झाली होती. त्याच अवस्थेत गाडी कच्च्या रस्त्याने वीस-पंचवीस किलोमीटर फिरवून आणली, तर पुढच्या उजव्या कोपऱ्यातील वेल्डिंगला बोटभर तडा गेलेला आढळला. त्यांचे म्हणणे होते की तिथे आणखी एक पट्टी मारू. मी गाडी उचलली आणि दिलेले आगाऊ पैसे सोडून दिले.

भोसरीच्या फोरमननी तो तडा पाहिला आणि फक्त एक वाक्य उच्चारले : “साहेब, गाडी पिळते, घर पिळत नाही.” लष्करी ट्रकाची चासी मुद्दाम लवचीक ठेवलेली असते. खड्ड्यात एक चाक खाली गेले तरी उरलेली तीन जमीन सोडू नयेत, म्हणून पाट्यांबरोबर चासीचे दोन लांब चॅनेलही थोडे पिळतात. त्यांच्या आडव्या जोडण्या पूर्ण वेल्ड न करता रिव्हेटांनी व बोल्टांनी करण्यामागेही हाच विचार आहे. ताडपत्रीची बॉडी त्या पिळासोबत हलते. भिंती, छत, दार आणि खिडक्या असलेली बंद पेटी मात्र हलू शकत नाही. दोघांना घट्ट आवळले, की आधी पेटीचे कोपरे फुटतात, आणि पेटी फारच मजबूत केली तर चासीलाच तडे जातात. म्हणजे जास्त लोखंड घालणे हा उपाय नसून उलट तेच संकट आहे.

यावर दोन-तीन मार्ग आहेत. एका मार्गात पेटी तीन बिंदूंवर टेकवतात, मागे दोन आणि पुढे मध्यभागी फिरणारा एक, जेणेकरून तिपाईप्रमाणे ती कधीच पिळली जात नाही. पण मग सारे वजन चासीच्या तीनच जागांवर येते. दुसऱ्यात चासी आणि पेटी यांच्या मध्ये स्प्रिंगांवर बसवलेली उपचौकट वापरतात, आणि माझ्या गाडीसाठी हीच निवडली. चासीच्या दोन्ही चॅनेलांवर पूर्ण लांबीभर कठीण प्लॅस्टिकची पट्टी आहे, तिच्यावर उपचौकट नुसती टेकलेली आहे, त्यामुळे सपाट रस्त्यावर वजन सगळीकडे सारखे पसरते. मागच्या बाजूला चार बोल्ट पक्के आहेत. पुढच्या आणि मधल्या बोल्टांवर मात्र जाड दाब-स्प्रिंगा घातलेल्या आहेत. चासी पिळली की एका बाजूचा चॅनेल उपचौकटीपासून खाली सरकतो, स्प्रिंग दबते, पेटी सरळच राहते आणि चाक परत वर आले की चॅनेल पुन्हा जागेवर येऊन टेकतो. पेटी आडवी सरकू नये म्हणून दोन्ही बाजूंना मार्गदर्शक पट्ट्या आहेत. ब्रॅकेटांसाठी चासीला भोके पाडताना ती चॅनेलच्या उभ्या भागातच पाडली. वरच्या व खालच्या आडव्या पट्ट्यांवर ना भोक ना वेल्डिंग, कारण वाकण्याचा सगळा ताण तिथेच येतो.

हे सारे कागदावर पटले तरी माणसाला डोळ्यांनी पाहायचे असते, आणि कार्यशाळेने ते दाखवले. पेटी बसवून झाल्यावर, आतले फर्निचर येण्याआधी, रेल्वेच्या जुन्या लाकडी स्लीपरांच्या दोन थप्प्या रचल्या, प्रत्येक सुमारे ३० सेंटिमीटर उंच. पुढचे डावे चाक एका थप्पीवर आणि मागचे उजवे दुसरीवर चढवले. गाडी तिरकी, एखाद्या दांडगट जनावरासारखी उभी राहिली. फोरमननी खडूने चासीवर आणि उपचौकटीवर समोरासमोर रेघा मारून ठेवल्या होत्या. पुढच्या उजव्या बाजूला त्या रेघांमध्ये फट पडली होती आणि तीत त्यांनी पोलादी पट्टी घालून मोजले : ४१ मिलिमीटर. मग मला पेटीत चढायला सांगितले. दार हाताच्या एका बोटाने उघडले आणि तसेच बंद झाले. खिडकीची काच सरकत होती. गाडी खाली उतरवल्यावर खडूच्या रेघा पुन्हा एकमेकींवर आल्या. वर्षभरात मी या कामावर जो पैसा खर्च केला, त्याचे मोल मला त्या दुपारी कळले.

याच कारणाने त्यांनी माझी एक मोठी मागणी फेटाळली. चालकाच्या केबिनमधून मागच्या घरात सरळ जाता यावे, अशी माझी फार इच्छा होती. पण दोन्ही वेगवेगळ्या हलतात, म्हणून मध्ये मोठा रबरी भाता लावावा लागतो आणि तो भाता पावसात व धुळीत टिकत नाही, असे त्यांचे म्हणणे होते. ग्राहक पैसे द्यायला तयार असताना नाही म्हणणारा कारागीर दुर्मीळ झाला आहे.

पेटीच्या भिंती पफ (उष्णतारोधक पॉलियुरेथेन फोम) पॅनेलच्या आहेत, म्हणजे शीतवाहनांना वापरतात त्याच : दोन्ही बाजूंना फायबरचा पत्रा आणि मध्ये ४० मिलिमीटर पफ. बाहेरून आतपर्यंत जाणारा एकही लोखंडी अँगल नाही, त्यामुळे उन्हाळ्यात उष्णता आत शिरायला आणि हिवाळ्याच्या पहाटे आत दव धरायला वाट मिळत नाही. मे महिन्यात दुपारी गाडी उन्हात ठेवल्यास आत उकडते, यात शंका नाही. पण सूर्य कलल्यावर छताचा पंखा लावला की अर्ध्या-पाऊण तासात झोपण्याजोगे होते. पत्र्याच्या गाडीत ते मध्यरात्रीपर्यंत होत नाही.

आतल्या सुतारकामाबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. दोघांचे पलंग, ओटा, शंभर लिटरची पाण्याची टाकी, वेगळे होणारे शौचपात्र, कपाटे. टिंबर मार्केटमधून आणलेला मरीन प्लाय वापरला असून काम नीटनेटके आहे. टाकी धुरीच्या पुढे आणि मधोमध बसवली आहे. भरलेली टाकी म्हणजे शंभर किलो वजन, आणि ते एका बाजूला असेल तर घाटातल्या प्रत्येक वळणावर जाणवते. गॅसचा कप्पा बाहेरूनच उघडतो आणि त्याच्या तळाला भोक आहे, कारण गळती झाल्यास स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असल्याने खाली साचतो. घरगुती फिरत्या गाड्यांत मी हा कप्पा पलंगाखाली, चहूबाजूंनी बंद केलेला पाहिला आहे. ते जिवावर बेतणारे आहे.

विजेच्या कामात एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. ट्रक २४ व्होल्टचा आणि बाजारातले बहुतेक दिवे, पंप १२ व्होल्टचे. पुष्कळ जण दोनपैकी एकाच बॅटरीवरून १२ व्होल्टची तार काढतात. त्याने एक बॅटरी कायम उपाशी राहते, दुसरी जास्त चार्ज होते आणि दोन्ही अकाली मरतात. येथे घरासाठी स्वतंत्र २५.६ व्होल्ट, १०० अँपिअर-अवर लिथियम फॉस्फेट बॅटरी आहे, म्हणजे अडीच युनिटांहून थोडी अधिक वीज, आणि १२ व्होल्टसाठी कन्व्हर्टर. छतावरच्या ४०० वॉटच्या सौर पॅनेलांवर पंखा, दिवे, लहान फ्रिज यांचे उन्हाळ्यात आरामात भागते. आषाढात ढग बसले की तिसऱ्या दिवशी फ्रिज बंद करावा लागतो.

आता तक्रारी. सात महिन्यांत देतो म्हणून घेतलेली गाडी तेरा महिन्यांनी मिळाली. काही उशीर माझ्या टायरांमुळे आणि नोंदणीतील बदलाच्या परवानगीमुळे झाला, पण निदान तीन महिने निव्वळ कार्यशाळेचे होते, आणि त्या काळात फोन केल्याशिवाय काहीच कळत नसे. अंदाजपत्रक एका पानाचे होते, हिशेब मात्र शेवटी सतरा पानांचा आला. एकही आकडा खोटा नव्हता, प्रत्येक भागाची पावती जोडलेली होती, तरीही दर महिन्याला एक पान पाठवले असते तर माझ्या कितीतरी रात्री शांत गेल्या असत्या. गाडी सव्वाचार लाखांची, यांत्रिक काम आणि टायर मिळून सहा लाख ऐंशी हजार, पेटी आणि आतले सारे नऊ लाख साठ हजार. यात माझा आधीचा बुडालेला आगाऊ पैसा धरलेला नाही.

दुसरी तक्रार अधिक गंभीर. जुलैमध्ये आम्ही पौड, मुळशीमार्गे ताम्हिणीला मुक्काम केला. ताम्हिणीचा पाऊस ज्याने पाहिला आहे त्याला अधिक सांगायला नको. रात्री दोनच्या सुमारास छताच्या झरोक्याच्या चौकटीतून पाणी झिरपू लागले आणि पलंगाचा एक कोपरा भिजला. पफ पॅनेलच्या आत पाणी शिरले तर फायबर आणि पफ एकमेकांपासून सुटतात, त्यामुळे हे दुर्लक्ष करण्यासारखे नव्हते. परत आल्यावर झरोका काढून पाहिला, तेव्हा सीलंट एका कोपऱ्यात तुटक लागलेले आढळले. चूक कार्यशाळेची होती आणि त्यांनी ती तिथल्या तिथे मान्य केली, सगळे झरोके व खिडक्या काढून पुन्हा बसवल्या, दोन तास पाण्याच्या फवाऱ्याखाली गाडी उभी केली आणि पैसे घेतले नाहीत. त्यानंतर ऑगस्टभर आत एक थेंब आलेला नाही. मात्र ही फवाऱ्याची चाचणी गाडी देण्यापूर्वीच व्हायला हवी होती, हे मी त्यांना तोंडावर सांगितले आणि येथेही लिहितो.

कागदपत्रांविषयी थोडक्यात. मोटार वाहन कायद्याच्या ५२व्या कलमानुसार गाडीत मूळ नोंदीपेक्षा वेगळा बदल करता येत नाही, आणि फिरत्या घरांसाठी एआयएस-१२४ हे मानक आहे. म्हणून आराखडा हातात आल्यावर, पत्रा कापण्याआधी, परिवहन कार्यालयात जाऊन काय मान्य होईल हे लेखी विचारून घ्यावे. कार्यशाळेने मोजमापांचे नकाशे आणि वजनकाट्याच्या पावत्या व्यवस्थित करून दिल्या, पण अर्ज आणि फेऱ्या मालकालाच कराव्या लागतात. विम्यातही बदल नोंदवून घ्यावा.

चालवण्याबद्दल ज्यांना उत्सुकता आहे त्यांच्यासाठी : गाडी ताशी ६० ते ६५ किलोमीटरला खूश असते, त्यापुढे ट्रान्सफर केसचा, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांना जोर वाटून देणाऱ्या गिअरपेटीचा, आवाज बोलणे अशक्य करतो. दिवे घाटात टाकी भरून, चार माणसांसह, दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये ती निवांत चढली आणि तापमानाचा काटा मध्याच्या पुढे गेला नाही. लिटरला पाच ते साडेपाच किलोमीटर मिळतात. उंची ३.३ मीटर झाल्यामुळे भोर रस्त्यावरच्या वडांच्या पारंब्या आणि रेल्वेखालच्या बोगद्यांचे आडवे दांडे यांचा विचार करून वाट ठरवावी लागते. शहरात ती नेऊ नये. मी ती धायरीला एका नातेवाइकांच्या मोकळ्या जागेत ठेवतो.

ज्यांना सहा महिन्यांत सुट्टीसाठी गाडी हवी आहे, त्यांनी या कार्यशाळेकडे जाऊ नये. ज्यांना पिळाचे गणित समजून घेण्याची आणि थांबण्याची तयारी आहे, त्यांना पुण्यात याहून चांगले काम मला तरी दाखवता येणार नाही. गाडी देताना फोरमननी उपचौकटीच्या प्रत्येक नटवर आणि शेजारच्या लोखंडावर पिवळ्या रंगाची एक सरळ रेघ ओढून दिली होती. रेघ तुटलेली दिसली, तर नट फिरला असे समजायचे. दर हजार किलोमीटरला मी टॉर्च घेऊन गाडीखाली शिरतो आणि त्या रेघा पाहतो. आजवर पुढच्या डाव्या स्प्रिंगचा एकच नट पाव आटा सैल झालेला सापडला. दिवाळीनंतर पाट्यांच्या ग्रीसिंगसाठी गाडी भोसरीला जाईल, तेव्हा ती स्प्रिंग काढून तपासायची असे ठरले आहे.